टोकाचे पान

बदलीच्या गावी मराठी माणसाला पहिली उणीव भासते ती बातमीची. वर्तमानपत्रातील बातमी आता कोठेही पोहोचते; ती उणीव नव्हे. आपल्या माणसांत चाललेला वाद, एकाच्या शंकेला दहांनी दिलेली उत्तरे, एखाद्या शब्दाच्या व्युत्पत्तीवरून जुंपलेले गोड भांडण, या बातमीला आपण दूर गेल्यावर पारखे होतो. झांशी जिल्ह्यातील गुरसराय येथे राहू लागल्यावर या उणिवेवर एक जुनाच उपाय आम्ही नव्याने योजला. अडगळीत पडलेल्या एका वृद्ध लॅपटॉपवर युझनेट वाचण्यासाठी आम्ही घरगुती सर्व्हर मांडला.

युझनेट हे नाव आज पुष्कळांना अपरिचित वाटेल. १९७९ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात टॉम ट्रस्कॉट आणि जिम एलिस या दोघा विद्यार्थ्यांना त्याची कल्पना सुचली, शेजारच्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठातील स्टीव्ह बेलोविन यांनी त्याचा पहिला प्रोग्राम लिहिला आणि १९८० मध्ये ते चालू झाले. या व्यवस्थेला मध्यवर्ती कचेरी अशी नाहीच. एका यंत्रावर लेख आला की ते शेजारच्या यंत्राला त्याची नक्कल देते, ते पुढच्याला देते आणि बातमी हातोहात जगभर पसरते. प्रत्येक लेखावर त्याची स्वतंत्र खूण असते; ज्याच्यापाशी तो आधीच असेल तो 'नको' म्हणतो. या देवाणघेवाणीचे जे नियम १९८६ साली ठरले, त्यांना एनएनटीपी म्हणतात.

हे वाचताना बुंदेलखंडात बसलेल्या मराठी माणसाचे मन अठराव्या शतकात न गेले तरच नवल. १७२९ साली बाजीराव छत्रसालाच्या साहाय्यास धावून आले आणि त्यापाठोपाठ या मुलखात मराठी कमाविसदार व कारकून येऊन स्थिरावले. रत्नागिरीकडच्या खेरांच्या घरातून आलेले गोविंदपंत बुंदेले येथील वसूल पाहत. १७६० च्या डिसेंबरात, पानिपतच्या संग्रामापूर्वी अवघे काही आठवडे, ते मारले गेले. गुरसराय हीही अशाच एका दक्षिणी ब्राह्मण घराण्याची जहागीर होती. या सर्वांचे पुण्याशी नाते टिकले ते जासूदांच्या थैलीतून. दिल्लीचे वकील हिंगणे पत्रे लिहीत आणि सांडणीस्वार ती पोहोचवीत. परंतु ती कुणीतरी जपून ठेवली म्हणूनच गोविंद सखाराम सरदेसायांना १९३० नंतर पेशवे दप्तराचे पंचेचाळीस खंड प्रसिद्ध करता आले. बातमी वाहणे हे एक काम, ती ठेवणे हे दुसरे.

आमच्या सर्व्हरचे नाव लीफनोड. वृक्षाची जी शाखा पुढे फुटत नाही तिच्या टोकाचे पान, असा त्याचा अर्थ. मोठे वृत्तसर्व्हर हजारो गटांचा सगळा पूर आपल्या अंगावर घेतात. हे पान मात्र घरातील माणसे जेवढे वाचतात तेवढेच वरून मागवते. ते मांडणे फारसे कठीण नाही. प्रोग्राम यंत्रावर चढवावा, मांडणीच्या फाइलीत तीन-चार ओळी लिहाव्यात: वरच्या सर्व्हरचे नाव, आपले खाते व परवलीचा शब्द, आणि लेख किती दिवस ठेवायचे तो आकडा. मग फेचन्यूज नावाचा हरकारा एकदा धाडला की तो सर्व गटांची यादी घेऊन येतो. वीज आणि इंटरनेट यांच्या लहरीवर दिवस काढणाऱ्या गावात याची सोय अशी की हा हरकारा लाइन धड असेल अशा अपरात्री धाडावा, आणि त्याने आणलेले आपण सकाळी चहाबरोबर स्वस्थपणे वाचावे. आपले उत्तरही थैलीत पडून राहते आणि पुढच्या फेरीत रवाना होते.

या प्रोग्रामचा स्वभाव मोठा सरकारी आहे. एखादा गट प्रथम उघडला की लेख दिसत नाहीत. एकच चिठ्ठी दिसते की तुमची इच्छा नोंदली आहे, लेख पुढील फेरीस येतील. कचेरीत जन्म काढलेल्या आमच्या वाचकांना तिची भाषा ओळखीची वाटेल. याहून मार्मिक नियम दुसरा. एखादा गट आठवडाभर कुणी उघडला नाही, तर लीफनोड तो मागवणे बंद करते. तक्रार नाही, स्मरणपत्र नाही. वाचक नाही, म्हणून पुरवठा नाही.

आम्ही ज्यासाठी एवढा खटाटोप केला तो गट म्हणजे सॉक डॉट कल्चर डॉट इंडियन डॉट मराठी. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकात परदेशी गेलेले मराठी विद्यार्थी आणि अभियंते तेथे जमत. देवनागरी उमटेना, म्हणून रोमन अक्षरांत मराठी लिहीत. भारतात सर्वसामान्यांना इंटरनेट मिळाले ते १५ ऑगस्ट १९९५ रोजी. तोवर मराठीचा हा कट्टा बव्हंशी मराठी मुलखाबाहेरच भरे. आज तेथे शांतता आहे. जुने लेख एका मोठ्या कंपनीच्या संग्रहात सापडतात. पण तिनेही २२ फेब्रुवारी २०२४ पासून युझनेटवरील नव्या लेखांशी संबंध सोडला. घरातून विचारणा झाली, "अहो, जिथे कुणी बोलत नाही तिथे रोज जाऊन बसायचे कशाला?" या प्रश्नाचे उत्तर आम्हांला लगेच सुचले नाही.

ते सुचवले गावातील एका वृद्ध गृहस्थांनी. त्यांचे घराणे दक्षिणी. बोली मात्र आता पुरती बुंदेली. आम्ही मराठी आहोत असे कळल्यावर ते एक दिवस जुन्या कागदांचे रुमाल घेऊन आले व म्हणाले, "साहब, जे कागद हमाए बब्बा के आँय, बाँचबे वारो अब कोऊ नइयाँ." कागद मोडीतले होते. वाळवी लागलेली नव्हती, शाई उडालेली नव्हती. आटला होता तो केवळ वाचक. आम्हांस मोडी अडखळतच वाचता येते. एका हिशेबात 'रोजमुरा' असे अक्षर लागले, पण अर्थ नीट लागेना. त्या रात्री आम्ही तो प्रश्न शांत पडलेल्या मराठी गटात टाकला. अकराव्या दिवशी हरकाऱ्याने दोन ओळी आणल्या. कुणा दूरस्थाने लिहिले होते की 'रोज' शब्दाने फसू नये. शिपायास वा चाकरास बांधून दिलेले वेतन म्हणजे रोजमुरा. आम्ही ते वृद्धांना सांगितले. त्यांनी कागदावरील त्या ओळीवर बोट ठेवले आणि ओळीतील नावे एकेक करून आमच्याकडून वाचून घेतली. अर्धी नावे त्यांच्याच घराण्यातील निघाली.

तेव्हापासून आमच्या मांडणीच्या फाइलीत एक ओळ वाढली आहे. लीफनोडमध्ये एकेका गटापुरती ठेवणीची मुदत निराळी देता येते. इतर गटांना आम्ही वीस दिवस दिले आहेत. मराठी गटाला दहा वर्षे. जागा फार लागत नाही, कारण येते फार थोडे. आणि दर रविवारी आम्ही तो गट उघडतो. बहुधा नवे काहीच नसते. तथापि आठवडा उलटण्यापूर्वी कुणीतरी दार उघडले एवढी नोंद होते, आणि पुढल्या रात्री हरकारा त्या दिशेला पुन्हा निघतो.