ज्यांनी आग्रह केला नाही

पोट कापून घ्यायचं, आणि तेही साठी उलटल्यावर, हे आमच्या थोरल्या जाऊबाईंना पटलं नव्हतं. आजही पटलेलं नाही. तरी या ऑपरेशनानंतर मी ज्यांची देणेकरी झाले त्यांत पहिलं नाव त्यांचंच घ्यावं लागेल. पुण्याच्या सर्जननी त्यांचं काम चोख केलं, मी निवृत्तीच्या पैशातून बिल चुकतं केलं, तो हिशेब मिटला. जाऊबाईंचा मिटणारा नाही.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते. माहेर आंबेगाव तालुक्यात अवसरीला, सासर जुन्नर तालुक्यात पिंपळवंडीच्या मळ्यात. 2019 साली निवृत्त झाले तेव्हा उंची पाच फूट आणि वजन 109 किलो. मधुमेह होता, रक्तदाब होता, गुडघे तर कधीच गेले होते. हाडांच्या डॉक्टरांनी एक्स-रे दिव्यावर धरून सांगितलं, सांधे बदलू, पण आधी वजन उतरवून या. रात्री झोपेत श्वास अडकायचा म्हणून नाकाला लावायचं सीपॅप मशीन घरात आलं. मळ्यातली लाइट कशी असते ते आमच्याकडे कुणाला सांगायला नको. लाइट गेली की मशीन बंद आणि मास्क तोंडावर तसाच. मग हे उठायचे, मास्क काढायचे, मला कुशीवर वळवायचे आणि लाइट येईपर्यंत उशाशी बसून राहायचे. नवऱ्याच्या उपकारांची जाहीर मोजदाद करायची आमच्यात पद्धत नाही, म्हणून एवढंच.

वजन उतरवण्यासाठी पोटाचं असं काही ऑपरेशन असतं हे मला 2011 पासून माहीत होतं. त्या वर्षी नितीन गडकरींनी मुंबईत डॉ. मुफझ्झल लकडावालांकडे ते करून घेतलं, आणि आमच्या शाळेत मधल्या सुट्टीत त्यावर मनसोक्त चर्चा झाली. एवढ्या मोठ्या माणसाला जेवण आवरत नाही का, असा एकूण सूर. माझाही सूर त्यात होताच. पुढे 2017 मध्ये इजिप्तची इमान अहमद वजनावरच्या उपचारांसाठी मुंबईच्या सैफी हॉस्पिटलात आली. तिला क्रेनने उचलून आत नेलं ते सगळ्या महाराष्ट्राने टीव्हीवर पाहिलं. जाऊबाईंनी ते पाहिलं होतं आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ती अबू धाबीत वारली हेही लक्षात ठेवलं होतं. मी ऑपरेशनचा विषय काढला की त्या एवढंच म्हणायच्या, "ती बाई गेली ना शेवटी?" तिला हृदयाचा आणि मूत्रपिंडाचा आजार होता, ती पंचवीसेक वर्षं अंथरुणावर होती, हे मी पुष्कळ सांगितलं. "मंग तुला काय कमी आजार हायेत?" यावर उत्तर नव्हतं.

सर्जननी कागदावर चित्र काढून समजावलं. दुर्बिणीतून जठराचा तीन चतुर्थांशाहून जास्त भाग कापून काढायचा, उरते ती केळ्याएवढी नळी. ती लवकर भरते हे झालंच, पण भूक लागल्याचा निरोप मेंदूला देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक मुख्यतः त्या कापलेल्या भागातच तयार होतं. म्हणून पहिले काही महिने भूकच मेल्यासारखी होते. माझ्या वयात स्नायू झडण्याची आणि हाडं ठिसूळ होण्याची भीती जास्त, म्हणून प्रथिनं, कॅल्शियम, डी आणि बी 12 जन्मभर घ्यावी लागतील, हेही त्यांनी स्पष्ट सांगितलं. साठी-पासष्टीनंतर पूर्वी सहसा कुणी या वाटेला जात नसे. माझं ऑपरेशन 2022 च्या फेब्रुवारीत झालं. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात या विषयातल्या दोन मोठ्या आंतरराष्ट्रीय संघटनांनी, केवळ वय जास्त म्हणून कुणाला नाही म्हणू नये, असं जाहीर केलं.

हॉस्पिटलातल्या दिवसांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. त्याच संध्याकाळी उठवून चालवलं, पोटावर बारीक छिद्रं, घोट घोट पाणी. खरं अवघड ते घरी आल्यावर सुरू झालं.

आमच्या भागात माणसाला माणूस जोडला जातो तो जेवायला घालून. तुम्ही कुणाकडे कागदावर सही घ्यायला गेलात तरी चहा ठरलेला, जेवणाची वेळ असली तर ताट ठरलेलं. मासवडी केली असेल तर चार वड्यांच्या खाली सुटका नाही, आणि "पुरे" हा शब्द पहिल्यांदा उच्चारला तर तो ऐकायचा नसतो. जाऊबाईंचं माहेर आणे पठारावरचं. कुकडी प्रकल्पाच्या पाच धरणांनी जुन्नर-आंबेगावचा मोठा भाग बागायती केला, पण पठार वर राहिलं आणि पाणी खाली. 1972 च्या दुष्काळात त्या अठरा वर्षांच्या होत्या आणि पाझर तलावाच्या कामावर खडी फोडत होत्या. तिथे मिळणारी सुकडी अर्धी खायची आणि अर्धी पदरात बांधून धाकट्या भावंडांना न्यायची. अशा बाईच्या हातून पातेल्यात अन्न शिल्लक असताना समोरच्याच्या ताटात कमी पडणं शक्यच नव्हतं. आण्याच्या रंगदास स्वामींच्या यात्रेला आमटी-भाकरी वाढायला बसल्या की समोरचा माणूस हात आडवा घालून ताटावर वाकायचा, तरी त्या बोटांच्या फटीतून आमटी ओतायच्या.

आणि आता त्यांना मला वाढायचं होतं ते चार चमचे कढण.

पहिल्या आठवड्यात त्या स्वयंपाकघरात माझ्यापुढे नुसत्या बसून राहायच्या. बोलायच्या नाहीत. नंतर एके दिवशी त्यांनी देवघरातून नैवेद्याची चांदीची वाटी आणली, घासून पुसून त्यात मुगाचं कढण घातलं आणि पाटावर माझ्यापुढे ठेवलं. म्हणाल्या, "देवाला एवढंच लागतं. त्याला कुणी आणखी घे म्हणत नाही."

त्यानंतर त्यांनी मला कधीही आग्रह केला नाही. एकदाही नाही. ज्या बाईने आयुष्यभर भरल्या ताटातून माया केली तिने माझ्यासाठी हात आखडता घेतला, आणि तोही माझा निर्णय चुकीचा आहे असं ठाम वाटत असताना. पटलं म्हणून मदत करणारी माणसं मला पुष्कळ भेटली आहेत. न पटता अशी साथ देणारी फार नाहीत.

गंमत म्हणजे त्या स्वतः अंगाने शेलाट्या, वजन कधी पंचेचाळीसच्या वर गेलं नाही, आणि मधुमेह माझ्याही आधीपासून. याचं कोडं मला पुण्याच्या केईएम हॉस्पिटलातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांच्या कामाबद्दल वाचल्यावर थोडं उलगडलं. 1993 पासून त्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. आपल्याकडची बाळं वजनाला हलकी, पण त्या हलक्या अंगातही चरबीचं प्रमाण जास्त, असं त्यात दिसलं. 2004 मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांनी आपला आणि डॉ. युडकिन या इंग्रज सहकाऱ्याचा फोटो शेजारी शेजारी छापला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन, 22.3, पण चरबी युडकिनांच्या अंगात 9.1 टक्के आणि याज्ञिकांच्या अंगात 21.2. जाऊबाईंना मी हे वाचून दाखवलं. "म्हणजे मी बी जाडीच की," म्हणाल्या आणि स्वतःच्याच बोलण्यावर खूप वेळ हसल्या. भारतीयांसाठी या ऑपरेशनाची बीएमआयची अट पाश्चात्त्यांपेक्षा खाली धरतात ती यामुळेच. माझा बीएमआय 47 च्या घरात असल्याने मला कुठलीही पट्टी लावली असती तरी चाललं असतं, ते सोडा.

आहारतज्ज्ञ मुलगी विदर्भातली होती. तिने छापील तक्ता हातात दिला नाही. तुमच्याकडे काय पिकतं, घरात रांधतं कोण, हे विचारलं. हुलग्याचं माडगं तिला ठाऊक नव्हतं, म्हणून तिने सरळ जाऊबाईंना फोन लावला आणि कृती लिहून घेतली. गूळ वगळायला सांगितला, पातळ किती ते ठरवलं. दिवसाला साठ ग्रॅम प्रथिनं पोटात जायला हवीत, आणि एका वेळी तर वाटीभरसुद्धा जात नाही, हा मेळ तिने हुलगे, मूग, ताक आणि अंड्याचा पांढरा भाग यांच्यावर बसवला. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्धा तास नाही. जाऊबाई पुढे पाव्हण्यारावळ्यांना सांगायच्या, "डाक्टरीणबाईंनी मला विचारून अवशिद ठरवलं."

चौथ्या महिन्यात केस मुठीने गळायला लागले. गाल बसले. आमच्याकडे लठ्ठ माणूस सुखी समजतात आणि उतरलेला माणूस दुखणेकरी. त्यामुळे लोक समाचाराला येऊ लागले. कुणी हळूच विचारायचं, गाठ वगैरे निघाली का. मला उत्तरं देऊन शीण यायचा. मग जाऊबाई ओट्यावर बसून परस्पर निकाल लावायच्या: "गुडघ्यासाठी पथ्य चाललंय. चहा घेणार का?" ऑपरेशन हा शब्द त्यांनी गावात कुणासमोर काढला नाही. मीच पुढे सांगायला लागले तेव्हा त्यांना ते मुळीच आवडलं नाही.

चालणं रोजचं हवं होतं. पण आमच्या मळ्यांतून पहाटे किंवा तिन्हीसांजेला एकट्याने चालायची सोय राहिलेली नाही. ऊस वर्षभर उभा, त्यात बिबट्यांची वीण. माणिकडोहचं बिबट निवारा केंद्र किती जणांना पुरणार? वनखातं सांगतं, अंधारात एकटे बाहेर पडू नका, हातात काठी आणि बॅटरी ठेवा, मोबाइलवर मोठ्याने गाणी लावा. शेजारच्या मळ्यातली सून डेअरीला दूध घालायला जाते. माझ्यासाठी तिने आपली वेळ उजाडेपर्यंत पुढे ढकलली, आणि त्यापायी डेअरीवाल्याची बोलणी खाल्ली. एका हातात कॅन, दुसऱ्यात काठी, कमरेला खोचलेल्या मोबाइलवर लावण्या. विठाबाई नारायणगावकरांच्या गावाशेजारी राहतो आम्ही, त्यामुळे त्याचं नवल नाही. तरी निवृत्त शिक्षिकेने सकाळी सकाळी ढोलकीच्या तालावर चालावं हे मला थोडं ओशाळवाणं वाटायचं. भजन लाव गं, असं मी सुचवून पाहिलं. "भजनाला वाघ हालत नाही, बाई," म्हणाली. माझ्याकडे ती दुसरीत होती. तेव्हाही उलट उत्तर देण्यात पटाईत.

त्या दिवाळीत भाऊबीजेला अवसरीला गेले. वहिनीने दरवर्षीप्रमाणे मासवडी केली होती, पण ताटं वाढली नव्हती. पातेली मधोमध मांडली आणि सगळ्यांना म्हणाली, "आज ज्याचं त्याने घ्या." भाऊ कुरकुरला, सणावारी ही कसली पद्धत म्हणून. ती काही बोलली नाही. माझ्या एकटीच्या ताटात कमी दिसू नये म्हणून तिने सगळ्या घराची रीत मोडली होती, आणि हे माझ्याही लक्षात आलं ते परतीच्या एसटीत. मंचरच्या एका लग्नात माझा जुना विद्यार्थी आचारी होता. पंगतीतल्या वाढप्यांना त्याने आधीच बजावून ठेवलं होतं, की त्या कोपऱ्यातल्या बाईंच्या पानाशी थांबायचं नाही. इतकी मानाची वागणूक मला शाळेच्या निरोपसमारंभातही मिळाली नव्हती.

वजन आता पंचाहत्तरच्या आसपास हलतं. सीपॅप माळ्यावर गेलं, मधुमेहाच्या गोळ्यांपैकी एकच उरली, 2023 मध्ये दोन्ही गुडघे बदलून झाले. छातीशी आंबट पाणी येतं, त्याची गोळी कायमची लागली. पोटाची नळी झालेल्या अनेकांना तो त्रास होतो. सैल पडलेली दंडाची कातडी लोंबते, तिचं काही करायची इच्छा नाही.

या वर्षी जाऊबाईंच्या नातवाने ऑपरेशनाची चौकशी सुरू केली आहे. वय तिशीचं, चाकणला कंपनीत आहे, वजन माझ्या जुन्या वजनाच्याही पुढे. मार्च 2025 मध्ये मौंजारो हे वजन उतरवायचं इंजेक्शन भारतात आलं, तेव्हापासून त्याच्या मोबाइलवर रोज नवे व्हिडिओ असतात. मी त्याला आधी डॉक्टरांकडे जा म्हणून सांगितलं. आजीने सुईबद्दल ऐकून घेतलं आणि विचारलं, "भूक मरायची सुई आठवड्याला घ्यायची, आणि तिचे पैसे बी आपणच द्यायचे?"

गेल्या रविवारी तो जेवायला आला. जाऊबाई परातीपाशी बसल्या होत्या, भाकरी हातात, आणि माझ्याकडे बघून म्हणाल्या, "ह्याला किती वाढू?"

"त्यालाच विचारा की," मी म्हटलं.

त्यांनी विचारलं. तो दोन म्हणाला, आणि चार खाल्ल्या.