मे महिन्याचे पुस्तक

उन्हाळी वाचनासाठी पुस्तक निवडण्याआधी सुट्टी पाहावी लागते. महाराष्ट्रातल्या शाळांचा निकाल परंपरेने 1 मे रोजी लागतो आणि वर्ग जूनच्या मध्याला पुन्हा भरतात. मधले सहा आठवडे मुलांना रिकामे असतात असे धरून बहुतेक याद्या केल्या जातात. जव्हार तालुक्यातल्या दाभोशात ते रिकामे नसतात. लेंडी नदीवरच्या उंच धबधब्यामुळे हे गाव पावसाळी पर्यटकांना ठाऊक आहे. मे महिन्यात या डोंगराळ भागाचा दिवस हंडाभर पाण्यापासून सुरू होतो. विहिरीच्या खेपा, राबाची भाजणी, करवंदे आणि जांभळे काढून बाजाराला नेणे, धाकट्या भावंडांना सांभाळणे, शिवाय लग्नसराई. यातून आठवी-नववीच्या मुलाच्या वाट्याला उन्हे तापल्यावरची दुपार येते, तीही सलग मिळेल असे नाही. रात्रीच्या विजेचा भरवसा धरता येत नाही. म्हणून इथल्या यादीत आधी लहान प्रकरणांची, मोठ्या टाइपातली, कुठेही मिटून ठेवता येतील अशी पुस्तके लागतात. साहित्यिक गुणवत्तेचा विचार त्यानंतर करता येतो.

दुसरी गोष्ट पुस्तकाच्या मुक्कामाची. जव्हार, मोखाडा, विक्रमगड या पट्ट्यातली पुष्कळ मुले आदिवासी विकास विभागाच्या शासकीय किंवा अनुदानित आश्रमशाळांत राहून शिकतात. जव्हारला या विभागाचे प्रकल्प कार्यालयच आहे. शाळा निवासी असल्यामुळे वर्षभर मूल आणि पुस्तक एकाच आवारात असतात. सुट्टी लागली की मूल घरी जाते आणि पुस्तक कपाटात राहते. वार्षिक परीक्षेच्या सुमारास दिलेली पुस्तके परत घेऊन नोंदवहीशी ताळा करायचा, ही शाळांची जुनी रीत आहे. ज्याच्या ताब्यात किल्ली, त्याच्या अंगावर हरवलेल्या पुस्तकाची जबाबदारी, त्यामुळे त्यात शिक्षकाचा दोष काढता येत नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याच्या अनुसूचीत प्रत्येक शाळेला ग्रंथालय हवे, त्यात वृत्तपत्रे, मासिके आणि गोष्टींची पुस्तकेही हवीत, असे स्पष्ट म्हटले आहे. मात्र हा कायदा आठवीपर्यंतचा आहे आणि कपाट कोणत्या महिन्यात उघडे असावे याबद्दल तो काही सांगत नाही. वाचायला सर्वाधिक मोकळीक जेव्हा असते नेमके तेव्हाच पुस्तक कुलपात असते. ही अडचण सोडवली नाही तर कितीही विचारपूर्वक केलेली यादी कागदावरच राहते.

ती सोडवण्याचा साधा मार्ग म्हणजे काही पुस्तके हरवतील हे आधीच मान्य करणे. त्यांची नोंद वेगळी ठेवायची आणि खरेदीही त्याच हिशेबाने करायची. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तके, ज्योत्स्ना प्रकाशनाची लहान पुस्तके, ‘किशोर’ मासिकाचे जुने अंक अशा बेताच्या किमतीच्या गोष्टी त्यासाठी बऱ्या. या विषयावर अमेरिकेत एक मोठा प्रयोग झालेला आहे. रिचर्ड अ‍ॅलिंग्टन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फ्लोरिडातल्या गरीब वस्त्यांमधल्या प्राथमिक शाळांतील मुलांना सलग तीन उन्हाळे दरवर्षी बारा पुस्तके घरी नेऊ दिली. ती परत मागितली नाहीत आणि कोणती घ्यायची हे मुलांनाच ठरवू दिले. 2010 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार या मुलांची वाचनातली प्रगती पुस्तके न मिळालेल्या मुलांपेक्षा चांगली होती. फ्लोरिडा आणि दाभोसा यांची तुलना फार ताणू नये, शिवाय ती मुले वयाने बरीच लहान होती. पण मुलाने स्वतः उचललेले पुस्तक वाचले जाण्याची शक्यता अधिक, एवढा भाग इथेही लागू पडतो. शिक्षकाने नावे वाचून पुस्तके वाटण्यापेक्षा वर्गात सतरंजीवर पन्नास पुस्तके मांडून तासभर बाहेर जाणे चांगले.

मुले एका गावात राहत असली तरी पाडे विखुरलेले असतात. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या ‘ग्रंथ तुमच्या दारी’ या उपक्रमात, जो विनायक रानडे यांनी 2009 मध्ये सुरू केला, पुस्तकांची पेटी वाचकांच्या गटाकडे जाते आणि काही महिन्यांनी गटागटांत पेट्यांची अदलाबदल होते. मोखाड्याहून त्र्यंबकमार्गे नाशिक जवळ आहे, तेव्हा ही कल्पना फार दूरची नाही. पाड्यागणिक एक लहान पेटी आणि ती सांभाळायला एक मोठी मुलगी किंवा मुलगा, एवढ्यावर मेमधली देवघेव चालू शकते. जी कुटुंबे दिवाळीनंतर जगायला म्हणून भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, त्यांच्यातली काही पावसाच्या तोंडावर परततात, आणि आश्रमशाळेतले मूल सुट्टीत कधी कधी थेट भट्टीवरच जाते. त्याच्या हातात पेटी देता येत नाही. त्याला दोन पुस्तके प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून द्यावीत आणि परत मागू नयेत.

पुस्तकांकडे वळताना वयाआधी भाषेचा विचार करावा लागतो. इथल्या घरांत वारली, कोकणा, ठाकरी, कातकरी बोली बोलल्या जातात. पाठ्यपुस्तकातली प्रमाण मराठी मूल शाळेत शिकते. आठवीत आलेल्या काहींना ती सहज वाचता येते, काही अजून अक्षरांशी झगडत असतात, आणि हे दोघे एकाच बाकावर बसतात. म्हणून सातवी-आठवीच्या सुट्टीसाठी चित्रे आणि मजकूर यांचा तोल असलेली पुस्तके लागतात, पण ती बाळबोध दिसता कामा नयेत. तेरा वर्षांच्या मुलाला बडबडगीतांचे पुस्तक दिले तर त्याचा अपमान होतो. माधुरी पुरंदरे यांनी तयार केलेल्या ‘वाचू आनंदे’ या मालेचे कुमार गटाचे भाग इथे फार उपयोगी पडतात. मराठी साहित्यातले निवडक वेचे आणि भारतीय चित्रकला त्यांत शेजारी-शेजारी येतात, कुठूनही उघडता येतात, आणि वेचा आवडला तर मूळ पुस्तक मागण्याची वाट मोकळी होते. बालभारतीचे ‘किशोर’ 1971 पासून निघते आहे. त्याचे जुने अंक संकेतस्थळावर विनामूल्य ठेवलेले आहेत. शिक्षकाने शाळा सुटण्याआधी ते फोनवर उतरवून दिले तर रेंज नसलेल्या पाड्यावरही वाचता येतात. फोन कोणाच्या हातात किती वेळ राहतो हा प्रश्न अर्थात वेगळा.

या वयाला भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे अजून चालतो, आणि आश्रमशाळेत तो जरा जास्तच चालावा. बनेश फेणे फुरसुंगीचा, पुण्याला विद्याभवनात वसतिगृहावर राहणारा. घरापासून दूर, खोलीत चार पोरे, रेक्टरची नजर चुकवून बाहेर पडणे, हे सगळे वसतिगृहातल्या मुलाला समजावून सांगावे लागत नाही. ‘श्यामची आई’ मात्र प्रत्येक यादीत पहिली असते, ती इथे पहिली नसावी. साने गुरुजींनी ती 1933 मध्ये नाशिकच्या तुरुंगात लिहिली आणि तिचे मोठेपण वादातीत आहे. पण मोठ्यांनी इतक्या वेळा शिफारस केलेले पुस्तक मुलाला धड्यासारखे वाटू लागते. शिवाय श्यामचे कोकण नारळी-पोफळीचे आणि खोतांचे आहे. जव्हार-मोखाडाही कोकण विभागातच, पण हे कोकण नाचणी-वरईचे. कर्ज आणि गरिबी दोन्हीकडे आहे, तेवढ्या दुव्यावर ते पुस्तक दुसऱ्या-तिसऱ्या सुट्टीत आपोआप पोचते.

पुस्तक हाती पडण्याआधी गोष्ट कानी पडली तर पुस्तकाला मागणी येते. वाडा तालुक्यातल्या सोनाळे येथील ‘क्वेस्ट’ ही संस्था 2007 पासून या भागात शिक्षणाचे काम करते. तिच्या ‘गोष्टरंग’ उपक्रमात प्रशिक्षित कलाकार आश्रमशाळांत जाऊन मुलांच्या पुस्तकांतल्या गोष्टी सादर करतात. मोखाडा-जव्हारच्या मुलांना सादरीकरण नवे नाही: बोहाडा या उत्सवात मुखवटे चढवून रात्रभर निघणारी सोंगे त्यांनी लहानपणापासून पाहिलेली असतात. उन्हाळ्यातल्या वारली लग्नांत भिंतीवर चौक लिहिला जातो, लग्नविधी करणारी धवलेरी गाणी म्हणते, आणि त्या गाण्यांत कथा असतात. सुट्टीच्या पिशवीत म्हणून एक कोरी वही घालावी. आजीची गोष्ट आजीच्याच बोलीत लिहून आणायची, प्रमाण मराठीत दुरुस्त करायची नाही. मराठी शाळांत हस्तलिखिताची जुनी परंपरा आहे. जूनमध्ये अशा वह्यांतून एक हस्तलिखित तयार होते आणि पुढच्या मेमध्ये तेही सतरंजीवर मांडता येते.

नववीची सुट्टी निवडणाऱ्याला सर्वांत जास्त आनंद देते. दहावीचे सावट पडलेले असते, जादा तास सुरू होण्याची भीती असते, तरी मूल आता सलग कादंबरी वाचू शकते. इथे निवडीची एकच कसोटी ठेवावी: ज्या पुस्तकातले काही तरी या वाचकाला शहरी वाचकापेक्षा जास्त कळते, ते पुस्तक आधी. व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) घ्या. औंध संस्थानातल्या धनगरवाडीवर एक कोवळा मास्तर येतो, शाळा भरवतो, गाव तालीम बांधते, आणि मग दुष्काळ पडून मेंढरांसह माणसे निघून जातात. पुण्यातल्या वाचकाला ओस पडलेली वाडी कल्पनेने उभी करावी लागते. मोखाड्यातल्या मुलाने दिवाळीनंतर कुलपे लागलेली घरे पाहिलेली असतात. जव्हारही 1948 पर्यंत मुकणे घराण्याचे संस्थान होते, त्यामुळे संस्थानी कारभार हा शब्दही त्याला अगदीच परका नाही. कादंबरी लहान आहे, वाक्ये छोटी आहेत, आणि बोलण्यातली माणदेशी मराठी ‘पुस्तकी’ नाही. आपल्या घरच्यासारखी, एरवी न लिहिली जाणारी भाषाही छापून येते, हे दिसायला माडगूळकर उत्तम. त्याच कारणासाठी प्रकाश नारायण संतांचा लंपनही द्यावा. ‘वनवास’मधली बेळगावकडची, कानडी वळणाची मराठी सुरुवातीला अडते आणि पंधरा पानांनंतर गोड लागते. ज्याच्या घरी एक बोली आणि शाळेत दुसरी, त्याला ती इतरांहून लवकर गोड लागेल.

राम पटवर्धनांनी मराठीत आणलेले ‘पाडस’ हे मार्जोरी किनन रॉलिंग्ज यांच्या कादंबरीचे रूप. मूळ कादंबरीला 1939 चे पुलित्झर पारितोषिक मिळाले होते. फ्लोरिडाच्या जंगलातला ज्योडी हरणाचे पाडस पाळतो, ते मोठे होऊन शेतातले कोवळे पीक खाऊ लागते, आणि घराला निर्णय घ्यावा लागतो. शहरात हे पुस्तक प्राणिप्रेमाचे म्हणून वाचतात. शेतात माळ्यावर बसून डुकरांपासून पीक राखणारा मुलगा ज्योडीच्या बापाची बाजूही समजू शकतो, आणि कादंबरीचा खरा ताण तिथेच आहे. पुस्तक जाड आहे, ते सुट्टीच्या पहिल्या दिवशीच द्यावे. मारुती चितमपल्लींचे ‘रानवाटा’ द्यायचे तर तेही याच वयात. चितमपल्लींचे रान विदर्भातले. दाभोशाच्या मुलीला तिथली कोणती झाडे-पाखरे आपल्याकडे कोणत्या नावाने ओळखली जातात हे वहीत टिपता येईल. जयंत नारळीकरांच्या ‘यक्षांची देणगी’तल्या विज्ञानकथा मात्र वर्गात एक वाचून दाखवल्याशिवाय देऊ नयेत, नाहीतर पहिल्याच पारिभाषिक शब्दाशी पुस्तक मिटते.

दहावीची सुट्टी मार्चमध्ये परीक्षा संपताच सुरू होते आणि निकालानंतरच्या प्रवेशापर्यंत चालते. शालेय आयुष्यातली ही सर्वांत लांब सुट्टी, आणि तिच्यासाठी कोणी यादी करत नाही, कारण विद्यार्थी शाळेच्या पटावरून उतरत आलेला असतो. खरे तर जाड पुस्तकांची वेळ हीच. गोदावरी परुळेकरांचे ‘जेव्हा माणूस जागा होतो’ (1970) याच परिसरात घडलेले आहे. तलासरी, डहाणू, उंबरगावच्या वारल्यांनी 1945 मध्ये वेठबिगारीविरुद्ध केलेल्या उठावाची ही हकिकत, तेव्हा त्यात असलेल्या बाईने लिहिलेली. तिला साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. यातल्या काही गोष्टी क्रूर आहेत म्हणून ते शाळेच्या यादीबाहेर ठेवले जाते. सोळाव्या वर्षी आपल्या पणजोबांच्या पिढीचा इतिहास वाचायला मुले लहान नसतात. वाटल्यास शिक्षकाने दोन प्रकरणे आधी सोबत वाचावीत. वीणा गवाणकरांचे ‘एक होता कार्व्हर’ (1981) त्याच्या जोडीने द्यावे: गुलामीत जन्मलेला मुलगा कृषिशास्त्रज्ञ होऊन झिजलेल्या जमिनीवर भुईमुगाचे पीक घ्यायला शिकवतो, हे डोंगरउतारावर नाचणी लावणाऱ्या घरात वाचले गेले पाहिजे.

मुलींसाठी ही सुट्टी आणखी एका कारणाने नाजूक असते. शाळा संपलेली, लग्नसराई चालू, आणि घरी बोलणी सुरू होण्याचे हेच दिवस. पुस्तक ते थांबवू शकत नाही, तसा दावाही करू नये. पण अनुताई वाघ यांचे ‘कोसबाडच्या टेकडीवरून’ या दिवसांत हाती असावे. बालवयात लग्न आणि लगेच वैधव्य आलेल्या या बाई पुढे शिकल्या, 1945 मध्ये ताराबाई मोडकांसोबत बोर्डीला आल्या आणि नंतर डहाणूजवळ कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांनी आयुष्यभर काम केले. अंगणवाडी सेविका किंवा शिक्षिका व्हायचे मनात असलेल्या मुलीला यात कामाचा तपशीलही सापडतो: मुले शाळेत येत नसतील तर अंगण झाडून तिथेच शाळा कशी भरवायची, गुरे राखणाऱ्या मुलांना कुठे गाठायचे, साधने घरातल्या वस्तूंतून कशी करायची.

दहावीनंतर शाळेचे कपाट कायमचे बंद होते. 1967 च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्यानुसार राज्यात वाचनालयांना वर्गवारीप्रमाणे अनुदान मिळते, पण ती बहुतेक मोठ्या गावांत. अकरावीसाठी मुले जव्हार, नाशिक किंवा ठाण्याच्या वसतिगृहात जातात; ठाण्यात 1893 पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे. नव्या शहरात सभासद होताना अनामत रक्कम आणि रहिवासाचा पुरावा मागितला जातो, आणि नेमके तिथेच बरेच जण मागे फिरतात. शाळा सोडल्याच्या दाखल्यासोबत शिक्षकाने एक शिफारसपत्र द्यावे आणि अनामत ग्रामपंचायतीने किंवा माजी विद्यार्थ्यांनी भरावी. ही रक्कम सहसा एखाद्या जाड कादंबरीच्या किमतीपेक्षा फारशी जास्त नसते, आणि सभासदत्व सोडताना परतही मिळते.