एवढ्याशा कामाला किती सामान?

कल्याणच्या पुढे राहणाऱ्यांना हे वेगळं सांगायला नको. वासिंदजवळ मालगाडीचं इंजिन बंद पडलं की खडवलीच्या फलाटावर आपण ताटकळतो. आपल्या लोकलमध्ये काही बिघाड नसतो, तरी ती येत नाही. सॉफ्टवेअरचंही आज असंच झालंय.

माझं रोजचं काम काळ्या स्क्रीनवर कमांड टाइप करण्याचं. फाइलमधल्या ओळी मोजणं, यादी क्रमाने लावणं, एक रकाना वेगळा काढणं यासाठी 'डब्ल्यूसी', 'सॉर्ट', 'ऑक' ही टूल्स १९७० च्या दशकापासून आहेत. आजही चालतात, नेट लागत नाही. परवा तेवढंच काम करणारं एक नवं टूल टाकलं, तर त्याच्यासोबत तीनशेच्या वर पॅकेजेस उतरली. ती कोणी लिहिली, कोण सांभाळतं, काही पत्ता नाही.

"चालतंय ना, मग झालं" असं म्हणून भागत नाही. मार्च २०१६ मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचा ११ ओळींचा कोड त्याच्या लेखकाने वादातून काढून घेतला आणि जगभरात हजारो प्रोजेक्ट्स अडकले. काम काय, तर मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरायची!

मार्च २०२४ चं 'एक्सझेड' प्रकरण तर त्याहून गंभीर. फाइल लहान करणारं हे टूल मुख्यतः एकच माणूस फुकटात सांभाळत होता. दुसऱ्या एकाने त्याचा विश्वास मिळवून आत चोरदरवाजा बसवला. निशाणा होता सर्व्हरवर लॉगिन करायचं 'एसएसएच'. त्याला एक्सझेड थेट लागतही नाही. काही लिनक्समध्ये मधल्या एका लायब्ररीबरोबर ते आत येत होतं. आंद्रेस फ्रॉइंड या इंजिनिअरला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो हे खटकलं, म्हणून पकडलं गेलं.

आणि हे फक्त परदेशातलं नाही. जुलै २०२४ अखेरीस 'सी-एज' या बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या कंपनीवर रॅन्समवेअर हल्ला झाला. खबरदारी म्हणून एनपीसीआयने तिला तात्पुरतं तोडलं, आणि सुमारे ३०० लहान सहकारी व ग्रामीण बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार अडले. मालगाडी कुठे बंद पडली, ताटकळलं कोण!

दुसऱ्याचा कोड वापरूच नका, असं मी म्हणत नाही. सगळं स्वतः कोणीच लिहीत नाही. पण बिस्किटाच्या पुड्यावर आत काय आहे ते छापावं लागतं, मग आपल्या कराच्या पैशातून घेतलेल्या सॉफ्टवेअरवर का नको? 'सर्ट-इन' या केंद्र सरकारच्या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये अशा घटकयादीसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत.

म्हणून ग्रामपंचायत असो, महापालिका असो की पतपेढी, नवं सॉफ्टवेअर घेताना तीन प्रश्न विचारा. आत काय काय आहे? ते कोण सांभाळतं? आणि नेट गेलं तर साधा दाखला तरी निघेल का?

ग्रामसभेत हे विचारायला कॉम्प्युटर यावा लागत नाही.