अर्थ : शब्दाचा आणि पैशाचा

शब्दार्थविचार शिकवण्यात माझी जवळजवळ तीस वर्षे गेली. तरीही गेल्या दिवाळीत 'शेअर' या साध्या शब्दापाशी मी अडखळलो. पुण्यात संगणक अभियंता असलेली माझी मुलगी सुट्टीला कोडोलीला आली होती. शेतातील ठिबक सिंचन व नवा पंप यांसाठी मी चार लाख रुपये बाजूला ठेवले होते. ती म्हणाली, "बाबा, ही रक्कम एनव्हिडियाच्या शेअरमध्ये घाला. यंत्रांना भाषा शिकवणाऱ्या चिपा तीच कंपनी बनवते. तुमचाच विषय आहे तो."

आमच्या गावात शेअर म्हटला की कारखान्याचाच आठवतो. शेजारच्या वारणानगरचा सहकारी साखर कारखाना तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकारातून उभा राहिला, आणि या पंचक्रोशीतील शेतकरी 'सभासद' झाला. सहकारी कायद्यानुसार शेअर कितीही असोत, सभासदाला मत एकच असते. त्या शेअरचा भाव रोज सकाळी वर्तमानपत्रात पाहावा लागत नाही. त्याचे मोल शेतातील उसाशी बांधलेले असते. कंपनीच्या शेअरचे तसे नाही. तेथे जितके शेअर तितकी मते, आणि भाव तर क्षणोक्षणी बदलतो. शब्द एकच, पण त्यामागील नाती दोन.

मुलीचे म्हणणे मात्र निराधार नव्हते. १९९३ साली स्थापन झालेली ही कंपनी प्रथम संगणकीय खेळांतील चित्रांसाठी चिपा बनवी. पडद्यावरील चित्र लक्षावधी बिंदूंचे असते आणि प्रत्येक बिंदूसाठी छोटेसे गणित करावे लागते. एकाच कुशल माणसाने सारा फड तोडण्याऐवजी ऊसतोडणीची टोळी एकाच वेळी अनेक सऱ्यांना भिडते, तशी ही चिप हजारो छोटी गणिते एकदम करते. वाक्यात पुढचा शब्द कोणता येण्याचा संभव अधिक, हे ठरवणाऱ्या आजच्या भाषिक प्रतिमानांनाही असेच गणित लागते. हे समजताच मला मोह झाला. वाटले, या धंद्याचे मर्म आपल्याइतके कोणाला कळणार?

मोहाची जागा हीच होती. मराठीत 'अर्थ' म्हणजे आशय आणि 'अर्थ' म्हणजे धनही. यंत्राचा पहिला अर्थ मला उमगला होता, म्हणून दुसराही उमगला असे मी धरून चाललो होतो. वस्तू उपयुक्त आहे, हे एक विधान. तिची आजची किंमत योग्य आहे, हे वेगळे. इंटरनेटची जोडणी करणारी यंत्रे बनवणारी सिस्को ही कंपनी २००० साली काही काळ जगातील सर्वाधिक मूल्याची कंपनी ठरली. इंटरनेट पुढे खरोखरच घरोघर पोहोचले. पण तिच्या शेअरला तो जुना भाव पुन्हा गाठण्यास दोन दशकांहून अधिक काळ लागला. भाकीत खरे ठरले, तरी त्या भावाने घेणारे अडकले. एनव्हिडियाचा शेअरही १९९९ साली १२ डॉलरना विक्रीस आल्यापासून कैक पटींनी वाढला आहे. परंतु २००८ या एका वर्षात त्याने तीन चतुर्थांशांच्या आसपास मूल्य गमावले आणि २०२२ मध्ये तो जवळजवळ निम्म्यावर आला.

'गुंतणे' या क्रियापदापासून 'गुंतवणूक' आली. 'फसवणूक' आणि 'करमणूक' यांनाही तोच प्रत्यय आहे. गुंतलेला पैसा हवा तेव्हा सुटेलच असे नाही, ही सूचना शब्दातच आहे. माझ्या चार लाखांना तर मुदत होती : पुढच्या आडसाली लागणीपूर्वी नळ्या शेतात पडायला हव्या होत्या. त्याच महिन्यांत भाव निम्म्यावर आला असता, तर विहिरीचे पाणी माझ्यासाठी थांबले नसते.

मी ती रक्कम ठिबकासाठीच ठेवली. मासिक बचतीतून, बुडाली तरी घर हलणार नाही एवढीच रक्कम त्या शेअरमध्ये घालण्याचे ठरवले. मुलगी थोडी नाराज झाली. उद्या भाव दुप्पट झाला, तर मी चुकलो असे ती म्हणेल. परंतु निर्णयाची पारख त्या दिवशी हाती असलेल्या माहितीवर आणि गरजेवर करावी, असे मला वाटते. तुमच्यापुढे असा प्रसंग येईल तेव्हा कंपनी काय बनवते हे जरूर समजून घ्या. आणि आपला पैसा आधीच कोणत्या कामाशी बांधलेला आहे, हे त्याहून आधी पाहा.