हाताचा ब्रेक आणि बोटाचा ब्रेक

मोटार विकत घेताना घरातील मंडळी ज्या गोष्टींचा खल करितात, त्यांत गाडी उभी कशी राहील हा प्रश्न सहसा येत नाही. ती किती धावेल, तेल किती पिईल, मागल्या बैठकीवर तिघेजण सुखाने मावतील की नाही, रंग सर्वांच्या पसंतीस उतरेल की नाही, इतक्या सर्वांचा विचार होतो. वस्तुतः घरगुती मोटारीचे बहुतेक आयुष्य उभे राहण्यातच जाते. दिवसातून दोन तास धावणारी गाडी उरलेले बावीस तास कोठे तरी स्वस्थ उभी असते. आणि तिला त्या जागी धरून ठेवणारे जे साधन, त्याच्याकडे काही विपरीत घडेपर्यंत कोणी वळूनही पाहत नाही.

आमच्या सोनाळ्याच्या घरात मात्र गेले वर्षभर याच साधनावरून वाद चालू आहे. घरात मोटारी दोन. एक जुनी, तात्यांची. तिच्यात पुढच्या दोन बैठकींच्या मध्ये लोखंडी दांड्याचा हँडब्रेक आहे, आणि तो ओढताना होणारी कटकट ओसरीवर ऐकू येते. दुसरी नवी, पुण्यास नोकरीला असलेल्या पुतण्याने घेतलेली. तिच्यात दांड्याच्या जागी अंगठ्याएवढे एक बटण आहे. ते वर उचलले की मागल्या चाकांकडून क्षणभर घरघर ऐकू येते, समोर एक तांबडा दिवा लागतो, आणि ब्रेक लागला असे समजावयाचे. तात्यांचा आक्षेप नेमका येथेच आहे. “जो ब्रेक माझ्या हाताला लागत नाही, तो लागला असे मी कशावरून समजू?” असे ते विचारतात. पुतण्या म्हणतो, “तात्याआजोबा, तुमच्या दांड्याची तार ढिली झाली, तर तोही लागल्यासारखाच वाटेल.” दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे, म्हणूनच हा वाद मिटत नाही.

दोन्ही साधनांची रचना थोडक्यात सांगणे अवश्य आहे. दांडा ओढला की त्याला जोडलेली पोलादी तार ताणली जाते आणि मागल्या चाकांचे ब्रेक आवळले जातात. दांड्याच्या तळाशी दाते असल्यामुळे तो ओढलेल्या जागी अडकून राहतो. बटणाच्या ब्रेकात हे ओढण्याचे काम विजेची लहान मोटर करिते. काही गाड्यांत ती तारच ओढते. परंतु बहुतेक नव्या गाड्यांत ती मागल्या चाकाच्या ब्रेकवरच बसविलेली असते आणि दातेरी चाकांच्या योगाने एक स्क्रू फिरवून ब्रेकचे पॅड चकतीवर दाबते. स्क्रूचे आटे असे असतात की, एकदा आवळल्यावर तो आपणहून उलटा फिरत नाही. त्यामुळे गाडी रात्रभर उभी असताना ब्रेकला वीज लागत नाही. वीज लागते ती ब्रेक लावण्यास आणि सोडण्यास. ही गोष्ट वाचकांनी ध्यानात ठेवावी. पुढे तिचे काम पडणार आहे.

२००१ साली बी.एम.डब्ल्यू. कंपनीने आपल्या सातव्या मालिकेतील मोटारीत असा ब्रेक दिला, तेव्हा तो श्रीमंतांचा थाट समजला गेला. आपल्याकडे २०२० च्या ह्युंदाई क्रेटामध्ये आणि २०२२ च्या टाटा नेक्सॉन ई.व्ही. मॅक्समध्ये तो आला, आणि मध्यमवर्गीयांच्या अंगणातही दिसू लागला.

त्याचा पहिला लाभ आमच्या वहिनींस झाला. संधिवातामुळे त्यांच्या मनगटात जोर राहिलेला नाही. जुन्या गाडीचा दांडा त्या दोन्ही हातांनी ओढीत, तरी तो पुरता वर येत नसे. मग चाकामागे दगड ठेवण्यासाठी कोणास तरी हाक मारावी लागे. ही केवळ त्यांचीच अडचण आहे असे नव्हे. संयुक्त राष्ट्रांच्या ‘१३-एच’ या नियमावलीप्रमाणे, पूर्ण भरलेली मोटार शंभर फुटांत वीस फूट चढणाऱ्या उतारावर या ब्रेकने स्थिर राहिली पाहिजे. आणि तो हाताने लावावयाचा असेल, तर त्यास चारशे न्यूटनपर्यंत, म्हणजे सुमारे चाळीस किलो वजन पेलण्याइतका जोर लागला तरी चालतो. इतका जोर घरातील किती जणांच्या हातांत असतो? बटणापुढे मात्र पैलवान आणि वहिनी सारखेच. आता त्या एकट्या गाडी घेऊन शेगावास जाऊन येतात.

दुसरा लाभ मुलांच्या बाबतीत आहे. एकत्र कुटुंबात उभी मोटार म्हणजे मुलांचे खेळघर. दांड्याच्या टोकावरचे बटण दाबून तो खाली पाडणे सहा वर्षांच्या मुलासही जमते, आणि मग उतारावरची गाडी कोणाची आज्ञा ऐकत नाही. विजेचा ब्रेक सोडावयाचा तर आधी गाडी चालू स्थितीत असावी लागते आणि बहुधा पायाच्या ब्रेकवर पाय असावा लागतो. किल्ली वडीलधाऱ्यांपाशी असली म्हणजे निदान ही भीती राहत नाही.

तिसरा लाभ घाटातला. परतवाड्याहून चिखलदऱ्यास जाऊन आलेल्यांस हे सहज पटेल. ऐन चढावर पुढची गाडी थांबली की नवशिक्याच्या छातीत धडकी भरते. विजेचा ब्रेक गाडी धरून ठेवतो, आणि पट्टा बांधून, दार लावून ॲक्सिलरेटरवर पाय दिला की वेळेवर आपणहून सुटतो. उतरतानाची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. सतत ब्रेक दाबून तापलेली चकती फुगलेली असते. अशा वेळी गाडी उभी करून दांडा ओढला, तर चकती थंड होऊन आकसताच पकड सैल पडण्याचा संभव असतो. माणूस तोवर चहाच्या दुकानात बसलेला असतो. विजेच्या अनेक ब्रेकांत मात्र काही मिनिटांनी मोटर पुन्हा फिरून पकड आवळते. सोनाजी महाराजांच्या यात्रेत मुंगीच्या पावलाने सरकताना पायास विसावा देण्याचीही सोय यास जोडूनच येते. पण तो लाभ चैनीचा म्हणून मी मोजीत नाही.

एवढे वाचून कोणी दांड्यास कायमचा निरोप देऊ पाहील, तर त्याने आमच्या घरची एक रात्र ऐकावी.

गेल्या ज्येष्ठात पुतण्या पुण्यास गेला असता त्याची गाडी वाड्याच्या दरवाजात जवळजवळ तीन आठवडे उभी होती. जुनी गाडी आत, अंगणात. मध्यरात्री आत्यांस दम लागला. त्यांस अकोटच्या दवाखान्यात नेणे भाग होते. नवी गाडी चालू करावयास गेलो तो दिवाही लागेना. बॅटरी पार उतरलेली. वऱ्हाडातील उन्हाळा बॅटरीचे आयुष्य खातो, आणि गाडी नुसती उभी असली तरी तिच्यातील यंत्रे थोडी थोडी वीज पीतच असतात. बरे, ती ढकलून बाजूस सारावी तर गिअर सुटला, पण ब्रेक सुटेना. चौघांनी खांदा लावला, तरी मागली चाके जागची हलली नाहीत. जुनी गाडी आत धडधाकट उभी होती, आणि तिला बाहेर पडण्यास वाट नव्हती. ओसरीवर आत्यांचा श्वास ऐकू येत होता.

शेवटी शेजाऱ्यांचा ट्रॅक्टर आणवला. त्याच्या बॅटरीस तांबडी-काळी वायर जोडून वीज दिली, तेव्हा दिवे लागले, पायाचा ब्रेक दाबून बटण खाली केले, आणि चाकांतून घरघर ऐकू आली. या खटपटीत वीस मिनिटे गेली. आत्यांस दवाखान्यात प्राणवायू मिळाला आणि चौथ्या दिवशी त्या घरी आल्या. तात्या त्या रात्री किंवा नंतरही या विषयावर एक शब्द बोलले नाहीत, हे त्यांच्या थोरपणाचे लक्षण होय.

दुसरा दोष दुरुस्तीचा. दांड्याची तार ढिली झाली तर गावचा मिस्त्री पान्याने ती घटकाभरात आवळून देतो. बोटाच्या ब्रेकचे पॅड बदलावयाचे तर आधी संगणकी यंत्र जोडून मोटरला मागे घ्यावे लागते. हे न करता कोणी पिस्टन जोराने मागे दाबला, तर पॅडच्या खर्चावर मोटरचाही खर्च चढतो. अशा कामास आम्हांस खामगाव किंवा अकोला गाठावे लागते.

धावत्या गाडीत पायाचा ब्रेक निकामी झाला तर काय, हा तात्यांचा हुकमी प्रश्न. दांडा हळूहळू ओढून गाडी आवरता येते; एकदम ओढला तर मागली चाके जखडून गाडी फिरते. बटण मात्र अशा वेळी सतत धरून ठेवावे लागते. मग बहुतेक गाड्यांत यंत्रणा चारही चाके जखडू न देता गाडी थांबविते. परंतु हे किती जणांस ठाऊक असते? दांडा दिसतो, म्हणून शेजारी बसलेला माणूसही प्रसंगी त्यास हात घालतो. बटण दिसूनही ओळखू येत नाही. माझ्या मते बोटाच्या ब्रेकची खरी उणीव ही आहे. तो हातापेक्षा बळकट आहे, सावध आहे. पण त्याचे ज्ञान दांड्याप्रमाणे नुसत्या पाहण्याने घरभर पसरत नाही. ते मुद्दाम द्यावे लागते, आणि गाडी घेणारा बहुधा ते स्वतःपाशीच ठेवून नोकरीच्या गावी निघून जातो.

म्हणून आमच्या घरी आता काही नेम ठरले आहेत. गाडी घरात असली की आठवड्यातून एकदा तरी ती लांबवर फिरवून आणावयाची. वाड्याच्या दरवाजात रात्री कोणतीच गाडी ठेवावयाची नाही. बॅटरी जोडण्याच्या वायरी देवडीतल्या खुंटीवर टांगलेल्या आहेत आणि त्या कशा जोडाव्यात हे वहिनींसह पाच जणांस येते. बटण कसे उचलावे, कसे सोडावे आणि धावत्या गाडीत केव्हा धरून ठेवावे, हे पुतण्याने दिवाळीत सर्वांस एकेक करून दाखविले. सर्वांत शेवटी तात्या बसले. त्यांनी बटण तीनदा उचलले, तीनदा सोडले, प्रत्येक वेळी कान देऊन मागल्या चाकांची घरघर ऐकली, आणि खाली उतरून चाकामागे आपला दगड ठेवला. तो दगड कोणी काढीत नाही.