शी सेड दॅट, आणि पुढे

मोखाडा तालुक्यातल्या एका मराठी शाळेत मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवलं आणि त्यातली पहिली कित्येक वर्षं अवतरणचिन्हं चुकीची शिकवली. चाचरत नव्हे, चांगली ठासून, फळ्याच्या कोपऱ्यात चौकट आखून. चौकटीत तीन ओळी असत. अवतरण उघडलं की पहिलं अक्षर कॅपिटल. स्वल्पविराम, पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, सगळं अवतरणाच्या पोटात. आणि विशेष शब्दाला अवतरण घालावं. मुलांना पाठ व्हायला सोपं, मला तपासायला सोपं. ती चौकट पुसायची नाही असं वर्गाच्या सेक्रेटरीला बजावलेलं होतं, आणि ती बिचारी शनिवारी फळा धुतानाही तेवढा कोपरा कोरडा ठेवायची.

पण सगळ्यात मोठी चूक त्या चौकटीत नव्हतीच. ती मला दिसतच नव्हती.

आमच्याकडे दिवाळी झाली की वर्ग विरळ होतो. जव्हार-मोखाड्यातली कुटुंबं भिवंडी, वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, मुलंही बरोबर जातात. त्यामुळे संवाद लिहायला सांगितला की वह्यांत तेच यायचं, कोण कधी जाणार, कोण मागे राहणार. ‘शी सेड दॅट, “आय विल गो टू भिवंडी.”’ अशी वाक्यं मी ढिगाने तपासली. आयचा आय मोठा आहे ना, पूर्णविराम आत आहे ना, एवढं बघायचो आणि बरोबरची खूण करायचो. दॅटही आहे आणि अवतरणही आहे, हे डोळ्यांना खटकायचंच नाही. कसं खटकणार? मराठीत आपण आई म्हणाली की, “मी उद्या भिवंडीला जाणार,” असं बिनदिक्कत लिहितो. ‘की’ येतो, त्यामागे स्वल्पविराम येतो, वर अवतरणही येतं, कुणी हरकत घेत नाही. बोलताना तर तीही गरज नसते. आई म्हणाली मी जाणार. यातला ‘मी’ कोण, हे ऐकणाऱ्याला बरोबर कळतं.

इंग्रजीत हे चालत नाही. तिथे दॅट आला की अवतरण जातं, आयची शी होते, विलचं वुड होतं: शी सेड दॅट शी वुड गो. नाहीतर दॅट काढायचा, स्वल्पविराम द्यायचा आणि बाईचे शब्द जसेच्या तसे अवतरणात ठेवायचे. रेन अँड मार्टिनचं व्याकरण माझ्या टेबलावर असायचं. त्यातलं डायरेक्ट-इनडायरेक्टचं प्रकरण मी दर वर्षी शिकवायचो, मुलं वाक्यं फटाफट बदलून द्यायची. पण तो परीक्षेतला एक प्रश्न होता. स्वतःचं लिहिताना त्याचा काही संबंध असतो हे मुलांना सांगायचं राहिलं, कारण ते मलाच उमगलं नव्हतं. माझ्या एका रजेच्या अर्जाची कार्बन प्रत पुढे फाइलीत सापडली. त्यात डॉक्टर सेड दॅट, “टेक रेस्ट.” कार्यालयाने रजा मंजूर केली होती, तेव्हा तिथेही माझ्यासारखंच कुणीतरी बसलेलं असणार.

कॅपिटलचं दुखणं वेगळं. देवनागरीत लहानमोठं अक्षर नसतंच. आमच्या वेळी चाररेघी वहीत पहिली लिपी, दुसरी लिपी करत आम्ही इंग्रजी अक्षरं गिरवली आणि पहिली लिपी म्हणजे वाक्याची सुरुवात एवढंच डोक्यात बसलं. मग बोलणाऱ्याचं वाक्य मध्येच तोडलं तर? “द लास्ट बस,” ही सेड, “हॅज गॉन.” इथे हॅजचा एच लहान हवा, कारण वाक्य तेच चालू आहे. माझ्या चौकटीप्रमाणे अवतरण पुन्हा उघडलं, म्हणून एच मोठा. वर्गच्या वर्ग तो मोठा एच काढायचा. आणि कुणाच्या बोलण्यातले दोन-तीनच शब्द आपल्या वाक्यात ओवून घेतले, तरी त्यातला पहिला शब्द कॅपिटल. तेही चूक. अवतरणात पूर्ण वाक्य असेल तर कॅपिटल, तुकडा असेल तर लहान. सांगायला एक ओळ पुरते, आणि तीच ओळ चौकटीत नव्हती.

प्रश्नचिन्हाचंही तसंच. शी आस्क्ड, “हॅज द बस गॉन?” इथे प्रश्न तिचा, म्हणून चिन्ह आत. पण डिड शी से, “द बस हॅज गॉन”? इथे प्रश्न विचारणारे आपण, तिने नुसतं सांगितलं होतं. चिन्ह बाहेर हवं. मी सरसकट आत ढकलायचो.

तिसऱ्या ओळीने मात्र मला चारचौघांत खाली बघायला लावलं. आपल्याकडे दुकानाचं, घराचं नाव अवतरणात, लग्नपत्रिकेतला एखादा शब्द अवतरणात, पाटीवरचं ‘शुद्ध’ अवतरणात. आपल्या लेखी तो मान असतो. त्याच समजुतीने मी मुलांना सांगितलं होतं, ज्या शब्दावर जोर द्यायचा त्याला अवतरण घाला. निबंध स्पर्धेत आमच्या एका मुलाने लिहिलं, माय “फादर” वर्क्स इन भिवंडी. बापाबद्दलचं प्रेम त्या दोन चिन्हांत होतं. बाहेरून आलेल्या परीक्षकांनी ते वाचलं आणि मला बाजूला घेऊन हळूच विचारलं, मुलाचे वडील सावत्र आहेत का? इंग्रजीत असं अवतरण म्हणजे ‘तथाकथित’. म्हणायला बाप, खरा कोण देव जाणे. मी कसाबसा खुलासा केला. मुलाला काही सांगितलं नाही, त्याचं लिहिणंच बंद झालं असतं. पण दुसऱ्या दिवशी चौकट स्वतःच्या हाताने पुसली.

हे इतकं उशिरा का कळावं? एक कारण असं की मराठीला विरामचिन्हंच नवी. मोडीत तर दोन शब्दांमध्ये जागाही सोडत नसत. एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडींनी इंग्रजी चिन्हं मराठीत रुळवली. चिन्हं आली, पण ती आपण आपल्या वाक्याच्या चालीने वापरली. ते काही गैर नव्हे. गैर एवढंच की ती चाल मी परत इंग्रजीत नेली आणि तिला नियम म्हटलं.

आणि इंग्रजी स्वतः तरी एकमताची कुठे आहे? आठवीतल्या एका मुलीने उत्तराच्या शेवटी अवतरणात दोनच शब्द घेतले होते आणि पूर्णविराम बाहेर दिला होता. मी लाल शाईने अर्धा गुण कापला. ती ग्रंथालयाचं गोष्टींचं पुस्तक घेऊन आली. “सर, यात बाहेर आहे.” पुस्तक इंग्लंडात छापलेलं, एकेरी अवतरणांचं. मी म्हणालो, छपाईची चूक असेल. तिने पान उलटलं, तिथेही बाहेर. आणखी एक उलटलं. मग मी म्हणालो, बस जागेवर.

अमेरिकेत स्वल्पविराम आणि पूर्णविराम नेहमी अवतरणाच्या आत घेतात, मग आत तुकडा का असेना. ब्रिटिश रीतीत अवतरणातलं वाक्य पूर्ण असेल तर पूर्णविराम आत, तुकडा असेल तर बाहेर. मुलगी बरोबर होती. हे मला कळेपर्यंत निकाल लागून गेला होता, नाहीतर अर्धा गुण परत देता आला असता.

आता तपासताना तुकड्याच्या अवतरणामागे पूर्णविराम आत असो की बाहेर, मी हात लावत नाही. एकाच उत्तरात दोन्ही दिसले तर कापतो. दॅटपुढे अवतरण दिसलं तर मात्र पूर्ण वाक्य दोन्ही पद्धतींनी पुन्हा लिहून मागतो. त्यावर मुलं कुरकुरतात आणि मुख्याध्यापकांचं म्हणणं पडतं की बोर्डाच्या पेपरात एवढं कोण बघतं.