न ऐकू येणारा कॅम

मोठा कॅम घातलेलं व्ही-8 इंजिन थंडीच्या सकाळी सुरू केलं की सगळ्यांचे कान त्याच्या धडधडीकडे जातात. पण त्या धडधडीबरोबर सायलेन्सरमधून एक वासही येतो, कच्च्या पेट्रोलचा, डोळ्यांना झोंबणारा. आवाजाचे भक्त असंख्य आहेत, या वासाची दखल फारशी कोणी घेत नाही. माझ्या मते मात्र त्या इंजिनाबद्दलची खरी माहिती वासात असते. जे इंधन सिलिंडरमध्ये जळायला हवं होतं ते न जळताच मागच्या दाराने निघून गेलं, एवढं तो सरळ सांगतो. आणि तेच इंजिन सुपरचार्जर लावून एखाद्या अमेरिकन पिकअपमध्ये बसवायचं ठरतं तेव्हा हा वास म्हणजे नुसती गैरसोय उरत नाही, कॅम चुकीचा निवडल्याचा तो पुरावा ठरतो. सुपरचार्जरवाल्या पिकअपसाठी इंजिन घ्यावं ते ऐसपैस आणि ओबडधोबड, आणि कॅम घ्यावा तो स्लोवर ऐकू न येणारा, असं माझं म्हणणं आहे. हे मत लोकप्रिय नाही, याची मला कल्पना आहे.

व्हॉल्व्ह कधी उघडायचे आणि कधी मिटायचे हे कॅम ठरवतो. एक्झॉस्ट स्ट्रोक संपता संपता एक्झॉस्ट व्हॉल्व्ह पुरता मिटलेला नसतो आणि इनलेट उघडू लागतो. काही अंश दोन्ही एकदम उघडे असतात; गॅरेजच्या भाषेत हा ओव्हरलॅप. साध्या इंजिनात वरच्या वेगाला त्याचा फायदा होतो, कारण बाहेर पडणारा धूर आत येणाऱ्या हवेला मागे ओढून घेतो. ब्लोअर, म्हणजे सुपरचार्जर, लावल्यावर हवेला ओढायची गरजच राहत नाही, तिला ढकलणारं यंत्र डोक्यावर बसलेलं असतं. पुढचं-मागचं दार उघडं टाकून घरात पंखा लावावा, तशी मग दाबाने आलेली हवा सिलिंडर ओलांडून थेट बाहेर जाते, आणि इंधन इनलेटच्या पोर्टमध्येच मिसळलेलं असेल तर तेही तिच्याबरोबर जातं. हा हिशेब कागदावर करता येतो. जनरल मोटर्सच्या एलएस9 इंजिनाचा कॅम घ्या. 2009 च्या कॉर्व्हेट झेडआर1 मधलं हे 6.2 लिटरचं सुपरचार्ज्ड इंजिन, 638 अश्वशक्तीचं. टॅपेटची 0.050 इंच उचल धरून मोजलं तर इनलेट 211 अंश उघडा असतो, एक्झॉस्ट 230, आणि दोन लोबांच्या शिखरांत 122.5 अंशांचं अंतर. दोन्ही काळांची सरासरी 220.5, तिच्यातून त्या अंतराची दुप्पट, म्हणजे 245, वजा केली की उरतात उणे 24.5 अंश. म्हणजे त्या उंचीवर दोन्ही व्हॉल्व्ह कधीच एकत्र उघडे नसतात. याउलट धडधडीसाठी घेतला जाणारा 230/236 आणि 112 अंशांचा कॅम याच हिशेबात अधिक 9 अंश देतो. दोघांत साडेतेहतीस अंशांचा फरक. सकाळचा तो वास या अंशांचाच.

यावर येणारा सर्वांत दमदार आक्षेप असा की कारखान्याचे कॅम मवाळ असतात ते प्रदूषणाच्या कायद्यापायी, ब्लोअरपायी नव्हे. आक्षेपाला आधारही आहे. त्याच घराण्यातलं एलएस7, सात लिटरचं, 505 अश्वशक्तीचं, ब्लोअर नसलेलं. त्याच्या कॅमलाही 211 आणि 230 हेच आकडे, आणि शिखरांतलं अंतर 121. मग एलएस9 च्या 122.5 अंशांतून ब्लोअरबद्दल काय सिद्ध झालं? एकट्या त्या आकड्याने फारसं काही नाही, हे मान्य. पण कायद्याला नको असलेली गोष्ट कोणती, तर न जळता बाहेर पडलेलं इंधन. ब्लोअरच्या मालकालाही नेमकी तीच नको असायला हवी, कारण त्या इंधनाबरोबर निसटलेल्या हवेला दाबायला त्याच्या क्रँकने ताकद खर्च केली, पट्टा ओढला, ती तापवली, आणि कामाला येण्याआधीच सोडून दिली. शिवाय तो माल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन जळतो, तो तिथला विस्तव वेगळाच. सरकारी नियम आणि मालकाचा स्वार्थ इतके एका बाजूला क्वचितच येतात.

खरं तर या ब्लोअरचा जन्म गाड्यांसाठी झालाच नव्हता. इंडियाना राज्यातल्या कॉनर्सविल गावच्या फिलँडर आणि फ्रान्सिस रूट्स या भावांनी 1860 मध्ये त्याचं पेटंट घेतलं आणि पुढे तो भट्ट्यांना आणि खाणींना हवा पुरवू लागला. पुण्या-मुंबईच्या गृहसंकुलांत सांडपाण्याच्या टाकीत हवा फुंकणारा ट्विन लोब ब्लोअर याच घराण्यातला, हे तिथल्या रहिवाशांना ठाऊक नसेल. त्यांना ओळखीची असते ती त्याची रात्रीची घरघर. इंजिनांच्या दुनियेत त्याला मोठं नाव मिळालं ते जनरल मोटर्सच्या 6-71 या टू-स्ट्रोक डिझेलवर. सहा सिलिंडर, प्रत्येक 71 घन इंचांचा. 1938 पासूनचं हे इंजिन दुसऱ्या महायुद्धात लँडिंग क्राफ्टमध्ये होतं, एम4ए2 शर्मन रणगाड्यात तर जोडीने होतं. युद्धानंतर शर्यतवाल्यांनी त्याचे ब्लोअर उचलून पेट्रोल व्ही-8 वर बसवले आणि बॉनेट फोडून वर आलेला ब्लोअर ही ताकदीची खूण झाली. मात्र या उसनवारीत एक बारकावा निसटला. टू-स्ट्रोक डिझेलमध्ये ब्लोअरची हवा सिलिंडरच्या भिंतीतल्या भोकांतून शिरून एक्झॉस्ट व्हॉल्व्हमधून बाहेर पडते, आणि ती तशी पडावी हीच योजना असते. हवा कोरी असते, डिझेल नंतर थेट सिलिंडरमध्ये फवारलं जातं, त्यामुळे वाया जाते ती फक्त हवा. पोर्टमध्ये फवारणी करणाऱ्या पेट्रोल इंजिनाला हे परवडत नाही. 2015 च्या एलटी4 सारख्या इंजिनात पेट्रोलही थेट सिलिंडरमध्ये जातं. तिथे माझा इंधनाचा मुद्दा बराच लंगडा पडतो, हवेचा शाबूत राहतो.

आता इंजिन. 1999 नंतरच्या शेव्हरोले सिल्व्हराडो घराण्यात भंगाराच्या आवारात सहज हाती लागणारी दोन: 5.3 लिटरचं एलएम7 आणि 6 लिटरचं एलक्यू4. दोन्ही बिडाच्या ब्लॉकची, दोघांचा स्ट्रोक 92 मिलिमीटर. बोअर वेगळा, 96 आणि 101.6. क्रँकच्या एका फेऱ्यात 5.3 चं इंजिन 2.65 लिटर हवा गिळतं, सहाचं 3 लिटर. आता 1.9 लिटरचा ब्लोअर दुप्पट वेगाने फिरवला तर त्याच एका फेऱ्यात तो 3.8 लिटर पाठवणार, खाली कोणतंही इंजिन असो. गळती आणि उष्णता बाजूला ठेवली तर मोठ्या इंजिनात ही हवा सव्वापटीहून थोडी जास्त दाबली जाते, छोट्यात जवळपास 1.43 पट. हवा तेवढीच, म्हणजे जाळता येणारं इंधनही तेवढंच. छोट्यात मात्र ती जास्त दाबली जाते, जास्त तापते आणि नॉकिंगच्या जास्त जवळ जाते. ‘छोट्याला बूस्ट जास्त येतो’ अशी फुशारकी ऐकू येते तिचा अर्थ एवढाच. बूस्टचा काटा इंजिनात गेलेली हवा दाखवत नाही, दाराशी तुंबलेली दाखवतो.

पण याच वाक्याने मोठ्या कॅमची बाजू घेणारा मला अडचणीत आणू शकतो. मोठा कॅम घातला की बूस्ट उतरतो आणि वरच्या वेगाला ताकद वाढते, हे डायनोवर दिसतं. मग तुंबलेली हवा मोकळी करणारा कॅम वाईट कसा? वाईट नाही, शर्यतीच्या गाडीत तो योग्यच. त्यातही मोकळीक हवी तर ती बव्हंशी एक्झॉस्टच्या बाजूने घ्यावी, कारण ब्लोअरमुळे धूर वाढतो आणि एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह मुळातच छोटा असतो. एलएस9 मधला 19 अंशांचा फरक इथे कामाला येतो. राहिला वरचा वेग. मागे ट्रेलर लावलेली पिकअप साडेसहा हजार फेऱ्यांवर आयुष्यातली किती मिनिटं असते? 1999 ची फोर्ड एफ-150 लाइटनिंग मला यासाठीच आवडते, जरा जास्तच आवडते. 5.4 लिटरचं बिडाचं इंजिन, सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह, 8.4:1 चं मंद कॉम्प्रेशन, वर ईटनचा एम112 ब्लोअर. कागदावर कोणाच्या डोळ्यांत भरू नये अशी ही जुळणी. तिने 360 अश्वशक्ती दिली, 2001 पासून 380, आणि तीही 4750 फेऱ्यांवर. इंजिनाला किंचाळायला न लावता अवजड गाडी जागेवरून उडवणं, पिकअपमध्ये ब्लोअरचं काम हेच. तळाची ताकद कॅमला देऊन टाकायची आणि ती भरून काढायला उंच स्टॉलचा टॉर्क कन्व्हर्टर आणायचा, यात ब्लोअर आणला कशासाठी तेच कळत नाही.

एलएम7 च्या बाजूने एक गोष्ट कबूल करायला हवी. ते आधीच गाडीत असेल तर केवळ माझ्या हिशेबासाठी काढू नये. अदलाबदलीचे पैसे व्हॉल्व्ह स्प्रिंगवर, इंजेक्टरवर आणि गिअरबॉक्सवर घालावेत. 4एल60ई गिअरबॉक्स ब्लोअरच्या टॉर्कपुढे फार दिवस टिकत नाही, तिथे 4एल80ई लागतो. स्प्रिंगचं तर लोक विसरूनच जातात. दोन इंच व्यासाच्या इनलेट व्हॉल्व्हच्या पाठीवर 10 पीएसआय बूस्ट आला म्हणजे सुमारे 14 किलोचा जोर त्याला उघडायच्या दिशेने ढकलत असतो, आणि थकलेली स्प्रिंग त्याला नीट मिटू देत नाही.

स्प्रिंगच्याही खाली, अजिबात न दिसणारी गोष्ट म्हणजे पिस्टन रिंगचं अंतर. ब्लोअरच्या उष्णतेने रिंग फुगते, तिची टोकं एकमेकांना भिडली की पिस्टनचा काठच तुटतो, मग कॅम कितीही विचारपूर्वक निवडलेला असो. बोअरच्या दर इंचाला 0.006 इंच हा रूढ नियम. चार इंचांच्या बोअरला 0.024 इंच, म्हणजे 0.6 मिलिमीटर. रिंग सिलिंडरमध्ये पिस्टनच्या डोक्याने सरळ दाबून बसवायची, फीलर गेज घालायचा, बाहेर काढून एकाच टोकाला कानस मारायची, काठाची धार मोडायची, पुन्हा बसवायची. आठ सिलिंडर, वरच्या दोन-दोन मिळून सोळा रिंगा. एक संपूर्ण दुपार जाते, आणि मालकाला मित्रांसमोर रेस मारून ऐकवता येईल असं त्यातून काहीच निघत नाही.